सगळे शेवटी दबा धरून बाणच का मारतात? स्कायरिमचं कोडं, सोप्या भाषेत

"मामा, यावेळी म्या पक्का जादूगार बनवला होता. धनुष्याले हातच लावाचा नाही असं ठरवलं होतं. अन् आता पाहा, पुन्हा अंधारात वाकून बसलो, हातात धनुष्य."

हे माझ्या भाच्याचं बोलणं. अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे, परीक्षा झाली की गावाकडे येतो आणि रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडून स्कायरिम नावाचा गेम लावतो. त्याची आई म्हणजे माझी ताई, तिनं एक दिवस मला बाजूला घेऊन विचारलं, "काऊन रे, हे पोरगं केव्हाचं त्या एकाच खांबामागं बसून आहे, हालत नाही डुलत नाही, गेम अटकला का त्याचा?" गेम अटकला नव्हता. तो पहारेकऱ्याची पाठ फिरायची वाट पाहत होता.

आता ताईचा प्रश्न वेगळा आणि भाच्याचा वेगळा वाटतो, पण दोन्हीचं उत्तर एकच आहे. आणि हे फक्त आमच्या घरचं नाही बरं का. स्कायरिम खेळणाऱ्यांमध्ये जगभर हे प्रसिद्धच आहे की तुम्ही तलवारबाज बनवा, जादूगार बनवा, कुऱ्हाड घेऊन फिरणारा पैलवान बनवा, शेवटी सगळे लपून बाण मारणारेच होतात. २०२५ च्या एप्रिलात याच मालिकेतला आधीचा गेम ओब्लिव्हियन नव्या रूपात आला, त्यामुळं बरीच नवी पोरं या मालिकेकडे वळली आणि मग तोच प्रश्न पुन्हा सुरू झाला. लोक म्हणतात सवय आहे, कोणी म्हणतं आळस आहे. मी हा गेम बरीच वर्षं खेळतोय आणि माझं स्पष्ट मत आहे की यात खेळणाऱ्याचा दोष नाही, गेमचे नियमच तुम्हाला हळूहळू त्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन बसवतात. कसे, ते सांगतो.

आधी गेम काय आहे ते

स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ ला आला. अमेरिकेतल्या बेथेस्डा गेम स्टुडिओजनं बनवला, द एल्डर स्क्रोल्स मालिकेतला हा पाचवा. बर्फाचा डोंगराळ प्रदेश, गावं, गुहा, जुनी थडगी, ड्रॅगन, आणि तुम्ही. याला ओपन वर्ल्ड गेम म्हणतात. म्हणजे कसं, साधा गेम हा एसटीसारखा असतो, रूट ठरलेला, थांबे ठरलेले. ओपन वर्ल्ड म्हणजे स्वतःची मोटारसायकल. मेन रोडनं जा, पांदणीनं जा, कोणाच्या वावरात थांबून बोरं खा, कोणी विचारत नाही.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की सुरुवातीला गेम तुम्हाला "तू कोण होणार?" असं विचारतच नाही. फक्त वंश निवडायचा, दहा आहेत, बाकी सगळं कोरं. एकूण १८ स्किल आहेत, म्हणजे अंगातली कसबं: तलवार, ढाल, तिरंदाजी, लपणं, कुलूप उघडणं, लोहारकाम, वेगवेगळी जादू. जे वापराल ते वाढतं. पुढचं सगळं कोडं या एका नियमातून निघतं म्हणून तो ध्यानात ठेवा.

लपणं म्हणजे गेममध्ये नेमकं काय

हे समजायला जागलीवर चला माझ्यासोबत.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. थंडीत हरभरा घाट्यावर आला की रात्री नाल्याकडून रानडुकरं येतात आणि एका रात्रीत ओळीच्या ओळी उलट्या करून टाकतात, म्हणून मचाणावर जागल करावी लागते. मागच्या थंडीत भाचा पण आला होता सोबत. घोंगडी पांघरून दोघं बसलो, बॅटरी बंद, फटाके आणि वाजवायचा पिंपा हाताशी. बाराच्या पुढं कळप आला. दिसत काही नव्हतं, फक्त घाटे चावल्याचा कचकच आवाज. आम्हाला ती अजून जवळ यायला पाहिजे होती, म्हणजे फटाका लावला की नीट घाबरून नाल्यापलीकडे जातील. तेवढ्यात मला खोकला आला. दाबला, पण थोडा निघालाच. कचकच एकदम थांबली. सगळा कळप जागच्या जागी. चांदण्यात एका मोठ्या डुकराचं तोंड वर झालेलं दिसलं, आमच्याकडेच. आम्ही श्वास रोखून. अर्धा मिनिट गेला असेल, मग एकानं चावणं सुरू केलं, मग दुसऱ्यानं, आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं.

भाचा कानात म्हणाला, "मामा, डोळा अर्धा उघडला होता."

त्याचा हा डोळा स्कायरिममधला. तुम्ही गेममध्ये वाकून चालायला लागलात, म्हणजे स्नीक केलं, की स्क्रीनच्या मधोमध एक डोळा येतो. मिटलेला असला म्हणजे कोणाला पत्ता नाही. उघडायला लागला म्हणजे कोणीतरी कान टवकारले. पूर्ण उघडला म्हणजे गेलं काम. आणि हा डोळा उघडतो कशानं? तुमच्यावर उजेड किती पडतोय, समोरच्याचं तोंड कुणीकडं आहे, अंतर किती, तुम्ही चालताय की पळताय की जागीच आहात, अंगावरचं चिलखत किती जड आहे, आणि तुमचं लपण्याचं स्किल किती मुरलंय. गेम हा सगळा हिशोब सारखा करत असतो. ताईला जे "हालत नाही डुलत नाही" दिसत होतं ना, तो त्या हिशोबातला सगळ्यात स्वस्त उपाय होता, कारण जागेवर थांबलं की आवाजच नाही.

उजेड-अंधार आणि आवाजावर लपण्याची ही पद्धत स्कायरिमनं काढलेली नाही. १९९८ मध्ये थीफ नावाचा गेम आला होता, त्यात स्क्रीनवर एक मणी असायचा, तुम्ही उजेडात किती आहात ते त्याच्याकडं पाहून कळायचं. पण थीफ हा चोराचाच गेम होता, त्यात लपणं हेच काम. स्कायरिममध्ये लपणं हा अठरातला एक रस्ता आहे आणि तरी सगळे त्याच रस्त्यावर भेटतात, म्हणून तर कोडं.

एका बाणात दोन पिकं

आपल्याकडं कपाशीत तुरीची ओळ का टाकतात? जमीन एकच, मेहनत बरीचशी एकच, पिकं दोन. एक गेलं तर दुसरं हाताशी.

लपून मारलेला बाण अगदी तसाच आहे. बाण लागला की तिरंदाजीचं स्किल वाढतं. आणि तो लपून मारला म्हणून स्नीकचं पण वाढतं. शिवाय बाण मारायच्या आधी तुम्ही जे कोणाच्या नकळत त्याच्या आसपास वाकून सरकत होतात, त्याचे पण स्नीकमध्ये थोडे थोडे जमा होत गेले. स्किल वाढली की तुमची लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की एक पर्क मिळतो. पर्क म्हणजे एखाद्या स्किलमधला खास हुन्नर, एकदा घेतला की कायमचा तुमचा. आता तुम्ही तो पर्क कुठं लावणार? जे स्किल वाढलंय तिथंच ना. मग ते अजून धारदार होतं, मग तुम्ही तेच अजून वापरता, मग ते अजून वाढतं. बैलाला रोजची वाट माहीत असते, कासरा सैल सोडला तरी तो घराकडंच वळतो, तसं होतं हे.

आणि ही वाट गेम स्वतःच पहिल्यांदा दाखवतो. गेमच्या अगदी सुरुवातीला हेल्गनच्या किल्ल्यातून पळून जाताना गुहेत एक अस्वल असतं. तुमच्यासोबतचा माणूस तिथं वाकतो आणि सांगतो की हळूच बाजूनं निसटून जाऊ, नाहीतर हे माझं धनुष्य घे आणि त्याला कळायच्या आत मार. म्हणजे नवा माणूस गेममध्ये येऊन जेमतेम अर्धा घंटा झालेला असतो आणि त्याच्या हातात धनुष्य, अंधारी गुहा आणि बेसावध जनावर, तिन्ही एकदम दिलेलं असतं. पहिला धडाच तो.

खरी गोम गुणाकारात आहे

आता थोडं गणित, पण बाजारहाटाचं. मी ढोबळ आकडे घेतो, चिलखत वगैरे बाजूला ठेवतो.

समजा तुमचं धनुष्य आणि बाण मिळून २० चा मार बसतो, याला डॅमेज म्हणतात. समोरच्या दरोडेखोराचा जीव १०० चा. उघड्यावर समोरासमोर उभं राहून मारलं तर पाच बाण लागतील. तिसऱ्या बाणापर्यंत तो पळत येऊन तुमच्या डोक्यात कुऱ्हाड घालून मोकळा.

लपून मारला तर बाणाचा मार दुप्पट होतो, कुठलाही पर्क नसला तरी. म्हणजे ४०. आता तिरंदाजीचा पहिला पर्क घेतला, त्याच्यानं धनुष्याचा मार २० टक्क्यांनी वाढतो, २० चे झाले २४, लपून मारले की ४८. मग स्नीक ४० ला पोचलं की डेडली एम नावाचा पर्क घेता येतो, त्याच्यानं दुपटीचं तिप्पट होतं, २४ चे ७२. आणि तिरंदाजीच्या त्या पहिल्या पर्कच्या पाचही पायऱ्या घेतल्या की धनुष्याचा मूळ मारच दुप्पट, २० चे ४०, त्याचं तिप्पट १२०. दरोडेखोर १०० चा. एक बाण, खेळ खलास, बाजूला बसलेल्याला पण कळलं नाही.

पाहा इथं काय झालं. बाकीच्या रस्त्यांवर बहुतेक बेरीज होते, इथं गुणाकार. धनुष्य लोहाराकडून घासून घेतलं की वाढलं, हातमोज्यावर तिरंदाजीचा मंत्र टाकला की वाढलं, चांगला बाण मिळाला की वाढलं, आणि या सगळ्या वाढीला शेवटी तीननं गुणायचं. मंडईत भाव पाच रुपयांनी वाढला तर एका किलोवाल्याला पाच रुपये मिळतात, क्विंटलवाल्याला पाचशे.

भाच्याच्या जादूगाराचं काय झालं ते पण इथंच कळतं. स्कायरिममध्ये मारायच्या जादूचं स्किल वाढलं की मंत्राचा खर्च कमी होतो, पण त्या वाढीनं मंत्राचा मार वाढत नाही, त्यासाठी वेगळे पर्क घ्यावे लागतात आणि त्यांनी पण थोडाच वाढतो. लपून मंत्र मारला तर दुप्पट-तिप्पट असं काही नाही. इकडं शत्रू मात्र तुमच्या लेव्हलसोबत दणकट होत जातात. म्हणजे पोरगं तीस-चाळीस तास इमानदारीनं आग फेकत राहिलं, जादूचा साठा संपला की खांबामागं लपायला लागलं, लपून बसल्या बसल्या स्नीक वाढलं, आणि एक दिवस खाली पडलेलं धनुष्य उचलून पाहिलं. त्यानं शपथ मोडली नाही, हिशोब केला.

मग चाकू का नाही? तो तर पंधरापट देतो

हा प्रश्न जाणकार लोक विचारतात आणि बरोबर विचारतात. स्नीकमध्ये अजून पुढं असॅसिन्स ब्लेड नावाचा पर्क आहे, त्याच्यानं लपून मारलेल्या कट्यारीचा मार पंधरापट होतो. कुठं तीन आणि कुठं पंधरा.

पण कट्यारीला जवळ जावं लागतं. अगदी पाठीशी. म्हणजे अंतर, उजेड, आवाज, तिघांचाही हिशोब तुमच्या विरोधात. आणि समजा एकाला संपवलं, तर तुम्ही आता त्याच्या तीन भावांच्या मधोमध उभे आहात. बाण चुकला तर तुम्ही पन्नास पावलं लांब अंधारात असता, जागा बदलायला वेळ असतो. मचाणावरून जागल करणं आणि कळपात उतरून जागल करणं, यात जेवढा फरक तेवढा. कट्यारीनं खेळणारे पण लोक आहेत आणि ते फार हिमतीचे खेळाडू असतात, मला त्यांचं कौतुकच आहे, पण नव्या माणसाला चूक माफ करणारं हत्यार पाहिजे असतं आणि ते धनुष्य आहे.

त्यात अजून दोन गोष्टी. मूळ गेममध्ये बाणांना वजनच नाही, हजार बाण घेऊन फिरा. आणि मेलेल्याच्या अंगातून काही बाण परतही मिळतात. म्हणजे खर्च जवळपास शून्य.

गुहा पण तशाच आहेत

यावर लोक कमी बोलतात म्हणून मी मुद्दाम सांगतो. स्कायरिमच्या गुहा आणि थडगी कधी निरखून पाहिल्यात का? लांब अंधारे बोगदे, मशालीचा उजेड फक्त शत्रूच्या बाजूला, पहारेकरी पाठ करून शेकोटीशी बसलेले, किंवा दोघं आपसात बोलत उभे. थडग्यांमध्ये ड्रॉगर नावाची मढी भिंतीतल्या कोनाड्यात झोपलेली असतात, तुम्ही जवळ गेलात की उठतात. लांबून बाण मारला तर झोपेतच. काही ठिकाणी जमिनीवर तेल सांडलेलं असतं आणि वर दिवा टांगलेला, त्या दिव्याला बाण मारला की खालचं सगळं पेटतं. ज्यानं ती खोली मांडली त्यानं आधीच विचार केलेला आहे की कोणीतरी दरवाज्यात वाकून, धनुष्य ताणून, सगळ्या खोलीवर नजर फिरवेल.

आणि खरं सांगू का, त्या दरवाज्यातल्या थांबण्यात मजा आहे. कोण कुठं बसलंय, कोण फिरतंय, कोणाला आधी मारलं तर बाकीच्यांना कळणार नाही, मशालीच्या बाहेर कोण कधी येतंय. डोकं शांत होतं. तलवारवाला त्या खोलीत शिरतो आणि अर्ध्या मिनिटात खोली संपते, त्याला कळतही नाही की कोपऱ्यातले ते दोघं काय बोलत होते. तिरंदाजानं ते सगळं ऐकलेलं असतं.

शत्रू इतके विसरभोळे कसे?

सगळ्यात जास्त हसतात लोक यालाच. साथीदार बाण लागून पडला, पहारेकरी तलवार काढून इकडंतिकडं शोधतो, आणि थोड्या वेळानं "काही नसेल" असं काहीतरी पुटपुटत जागेवर जाऊन उभा राहतो. कधी कधी तर त्याच्या स्वतःच्याच डोक्यात बाण रुतलेला असतो.

हे बनवणाऱ्यांना कळलं नाही असं नाही. गेममधल्या माणसाची आठवण म्हणजे एक घड्याळ आहे. बेसावध, शोधतोय, दिसला, अशा दोन-चार अवस्था, आणि शोधताना ठरलेल्या वेळात कोणी सापडलं नाही की पुन्हा बेसावध. आता ते घड्याळ खूप लांबवलं, किंवा सगळ्यांना कायमचं आठवायला लावलं, तर तुमची एक चूक झाली की अख्खी गुहा जागी आणि ती पुन्हा कधीच झोपणार नाही. मग लपायचा प्रयत्न कोणी करणारच नाही, सगळे मागचं सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, पुन्हा उघडून बसतील. म्हणजे शत्रूंना थोडं विसरभोळं ठेवलं तरच लपणं खेळण्यासारखं राहतं. आणि माझ्या खोकल्यावर अर्ध्या मिनिटात घाटे खायला लागलेल्या डुकरांना पाहिल्यापासून मला हे फार खोटं पण वाटत नाही.

एक तक्रार मात्र मी मान्य करतो. स्नीक १०० ला गेलं की एक पर्क मिळतो, ज्यात भर लढाईत नुसतं वाकलं की लढाई क्षणभर थांबते आणि लांबचे शत्रू तुम्हाला शोधायला लागतात. ते जास्तच झालं. तिथं लपण्यातली धाकधूक संपते.

पण हा भित्रेपणा नाही का?

गावात हे मला तोंडावर विचारलंय लोकांनी, "समोर जाऊन लढाचं सोडून हे काय लपाछपी?" माझं म्हणणं असं की ज्याच्या समोर पाच जण आहेत आणि आपण एकटा, तो पुढून गेला तर त्याला आपण गावात पण शहाणा म्हणत नाही. गेमनं तुम्हाला एकटं सोडलंय, बर्फात, फाटक्या कपड्यात. हाताशी आहे त्यातून मार्ग काढणं हा त्या जगाचा नियमच आहे. चीटिंग तेव्हा म्हणा जेव्हा नियम मोडला. इथं तर नियम पाळल्यामुळंच सगळे तिरंदाज होतात.

गेममध्ये सोबत लढायला माणूस घेता येतो, त्या सोबत्याबद्दल मात्र एक सूचना. लपून खेळणार असाल तर सोबती घरी ठेवा. तो मध्येच धावत जातो, सापळ्यावर पाय देतो, आणि तुमची सगळी मेहनत मातीत.

अवघड केलं की लोक दुसरं काही खेळतील का?

हे उलटं होतं. स्कायरिममध्ये सगळ्यात अवघड पातळी लेजेंडरी आहे, २०१३ मध्ये आली. त्यात तुम्ही मारलेला मार चौथाई होतो आणि तुम्हाला लागणारा तिप्पट. वाचल्यावर वाटतं की आता सगळ्यांचे हाल सारखे. पण तसं होत नाही. तलवारवाल्याला जवळ उभं राहून तिप्पट मार खावा लागतो आणि त्याच्याकडं गुणाकार नाही. तिरंदाजाला मार लागतच नाही कारण तो दिसतच नाही, आणि त्याच्या चौथाईला तीननं गुणलं की तो जवळपास होता तिथंच येतो. म्हणजे गेम जेवढा अवघड कराल तेवढा तो तुम्हाला त्या अंधाऱ्या कोपऱ्यात अजून जोरात ढकलतो. मला वाटतं, कोडं इथंच खऱ्या अर्थानं उघडं पडतं. दुष्काळी वर्षात सगळे एकाच पिकाकडे वळतात, ते आवडतं म्हणून नाही, तेच टिकतं म्हणून.

त्यामुळं ज्यांना खरंच दुसरं काही खेळायचंय त्यांनी आधी अवघडपणा साधारण पातळीवर आणा, लाज वाटून घेऊ नका. मग स्नीकमध्ये एकही पर्क लावू नका. जड चिलखत घाला, त्याचा आवाज होतो, डोळा लवकर उघडतो, मग लपायची इच्छाच राहत नाही. तलवार-कुऱ्हाडीवाल्यांनी व्हाईटरन शहरातल्या कंपॅनियन्स नावाच्या लढवय्यांकडं जावं, जादूवाल्यांनी लवकरात लवकर विंटरहोल्डच्या कॉलेजात, तिथं शिकवणारे आणि मंत्र दोन्ही मिळतात. उडणाऱ्या ड्रॅगनसाठी धनुष्य लागतंच असं लोक म्हणतात, पण कथेत पुढं ड्रॅगनरेंड नावाची एक आरोळी मिळते, तिच्यानं ड्रॅगन खाली उतरतो, मग घ्या कुऱ्हाड. आणि ज्यांचं स्नीक आधीच १०० झालंय त्यांनी ते स्किल लेजेंडरी करून टाकावं (हे लेजेंडरी स्किलचं, अवघडपणाचं नाही), ते पुन्हा १५ वर येतं आणि त्यात अडकलेले पर्क मोकळे होतात. भाच्यानं हेच केलं. मोकळे झालेले पर्क त्यानं ढालीत लावले.

घरच्या मोठ्यांसाठी एवढंच की हा गेम मोठ्यांचा आहे. युरोपात त्याला १८ वर्षांचं रेटिंग आहे, अमेरिकेत १७ आणि त्यापुढचं. कॉलेजचं पोरगं खेळत असेल तर ठीक, सहावीतल्याच्या हातात देऊ नका.

खऱ्या धनुष्याशी याचा काही संबंध?

थोडा आहे. बाण लांब गेला की खाली येतो, पळणाऱ्याच्या थोडं पुढं नेम धरावा लागतो, पूर्ण ताणला नाही तर जोर नाही, हे सगळं गेममध्ये आहे. पण गेममध्ये धनुष्य ताणून कितीही वेळ उभं राहता येतं, दम फक्त नेम जवळ आणून पाहताना खर्च होतो. खऱ्यात तसं नाही. आपल्या नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये जगज्जेता झाला, त्याच वर्षी एशियन गेम्समध्ये तीन सुवर्ण आणले, तो कंपाउंड धनुष्य वापरतो. त्याला चाकं असतात आणि पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार बराच उतरतो, म्हणून नेम धरायला उसंत मिळते. साध्या धनुष्यात ती उसंत नाही, पूर्ण ताणलं की सगळा भार बोटांवर आणि हात थरथरायला लागतो. आणि खरा लपून बाण मारायचा नाद कोणी करू नये हे पण सांगून ठेवतो, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, आम्ही पण जागलीला फटाके आणि पिंपाच वाजवतो.

सगळ्यात मोठा फरक वेगळाच आहे, तो मला त्याच रात्री कळला. स्कायरिममध्ये वास नाही. तुम्ही वाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहात यानं डोळ्याला काहीच फरक पडत नाही. २०१८ मध्ये रेड डेड रिडेम्प्शन २ आला, त्यात शिकारीला वाऱ्याची दिशा पाहावी लागते, तुमचा वास गेला की जनावर पळतं. पण स्कायरिमचा तिरंदाज वाऱ्याचा विचारच करत नाही.

आम्ही त्या रात्री मचाणावर होतो ना, खोकला झाल्यावर कळप पुन्हा चरायला लागला होता. भाच्यानं फटाका हातात घेतला, मी आगपेटी काढली. अजून दहा पावलं जवळ येऊ दे म्हणालो. कोणी हाललं नाही, कोणी बोललं नाही, बॅटरी बंदच. मागच्या निंबाची पानं थोडी सळसळली आणि मानेवर गार हवा लागली, एवढंच. आणि कळपातल्या त्या मोठ्या डुकरानं एकदा फुसकारा टाकला आणि सगळे एकदम नाल्याकडं सुटले, काट्याच्या कुंपणातून, कडकड आवाज करत. फटाका तसाच हातात राहिला.

"मामा, डोळा तर मिटलेला होता न," भाचा म्हणाला.

मी त्याला बोट ओलं करून वर धरायला सांगितलं. वारा फिरला होता.